पोंय कुठे आहे?

दुकानदाराने माझी यादी वाचली, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "उदक वयर व्हरपाचें, काय सकयल हाडपाचें?"

दोन्ही, मी म्हणालो. खाली आणायचं आणि परत वर न्यायचं.

त्याने यादी पुन्हा वाचली. एक इंची टँक निपल दोन, एक इंची एल्बो सहा, युनियन तीन, गेट व्हॉल्व्ह एक, बॉल व्हॉल्व्ह एक, पाऊण इंची पाइप दहा फूट, सॉल्व्हंट सिमेंटचा लहान डबा, टेफ्लॉन टेप. फोंड्याच्या बाजारातलं हे दुकान, घरबांधणीवाल्यांची गर्दी असलेलं. एवढ्या सामानात माणसं एक न्हाणीघर उभं करतात. "बाथरूमां कितलीं?" त्याने विचारलं. बाथरूम नाही, म्हटलं, मासे आहेत. मागे रांगेत उभा असलेला प्लंबर हसला, आणि हसता हसता माझ्या यादीतला गेट व्हॉल्व्ह खोडून म्हणाला, तो कशाला, बॉल व्हॉल्व्ह घ्या, स्वस्त पडतो, पाव फेऱ्यात बंद. मी तो पुन्हा लिहिला. या एका बाबतीत मी प्लंबरपेक्षा शहाणा ठरलो. बाकी सगळ्या बाबतींत काय झालं ते पुढे सांगतो.

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. म्हणजे काठोकाठ अडीचशे लिटर. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे घरात माशांपेक्षा आकडे जास्त पोहतात असं बायकोचं म्हणणं. आत नारायण बार्ब आहेत, आपल्याच सह्याद्रीतल्या गोवा-कर्नाटक बाजूच्या ओढ्यांतला चिमुकला मासा. लालसर अंग, त्यावर काळे पट्टे. छापगर आणि साने यांनी १९९२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. म्हणजे हा मासा इथल्या ओढ्यांत आपल्या आधीपासून आहे आणि शास्त्राच्या पुस्तकात माझ्या शाळेच्या पुस्तकांनंतर आला. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्याची त्याला सवय. टाकीच्या काठावर लटकवायचा जो डबा-फिल्टर मिळतो तो त्याला पुरत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो दिसायला आवडत नव्हता. म्हणून संप.

संप म्हणजे काय ते एका वाक्यात सांगता येतं आणि तिथेच फसायला होतं. टाकीच्या खाली, स्टँडच्या कपाटात, आणखी एक टाकी. वरच्या टाकीतलं पाणी एका कडेवरून सांडतं, पाइपातून आपल्या वजनाने खाली येतं, खालच्या टाकीत कापडी पिशवीतून गाळलं जातं, सिरॅमिकच्या सच्छिद्र तुकड्यांमधून जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर फेकतो. त्या सच्छिद्र तुकड्यांवर जीवाणू राहतात. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून निघणारा अमोनिया एक जात नायट्राइट करते, दुसरी त्याचं नायट्रेट करते, आणि नायट्रेट आपण आठवड्याचं पाणी बदलताना काढून टाकतो. खरी टाकी खालची, वरची नुसती दिवाणखान्यातली.

पहिलं काम काचेला भोकं पाडायचं. काचवाल्याने नकार दिला. फुटली तर कोणाची, हा त्याचा प्रश्न रास्त होता. मग मीच पाडली. आधी काच टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, नाही ना, ते बघायचं. टफन्ड काचेला भोक पाडता येत नाही, ड्रिल लागताच तिचा चुरा होतो. त्याची एक युक्ती आहे: काचेमागे मोबाईलचा पांढरा पडदा धरायचा, डोळ्यांवर पोलराइज्ड गॉगल चढवायचा आणि मान तिरकी करून बघायचं. टफन्ड काचेत ढगाळ डाग नाहीतर पट्टे दिसतात. रविवारी भर दुपारी घरात गॉगल लावून, मान वाकडी करून रिकाम्या टाकीत बघत बसलेला मी, आणि दारात दूधवाल्याचे पैसे मागायला आलेला मुलगा. तो न बोलता परत गेला.

डाग दिसले नाहीत. टाकी गादीवर उलटी केली. तळाच्या कोपऱ्यात, कडेपासून भोकाच्या व्यासाइतकं तरी अंतर सोडून, दोन वर्तुळं आखली. त्यांच्याभोवती कणकेची पाळ केली. पुट्टी वापरतात, पण कणीक मळलेली होती. पाळीत पाणी भरलं. हिऱ्याची पूड लावलेलं गोल पातं ड्रिलला बसवलं. सुरुवातीला ते तिरकं धरायचं म्हणजे काचेवर नखासारखी चंद्रकोर उमटते, मग हळूहळू सरळ करायचं. दाबायचं अजिबात नाही, ड्रिलचं स्वतःचं वजन पुरतं. पाळीतलं पाणी हळूहळू ताकासारखं पांढरं झालं. काचेची पूड ती. बोट लावलं तर मऊ, आणि नंतर दोन दिवस बोट चुरचुरत होतं. पहिल्या भोकाला वीस मिनिटं लागली. शेवटच्या क्षणी ड्रिलचा आवाज बदलतो, जाड आवाज एकदम पातळ होतो, आणि काचेची गोल चकती गादीत पडते. त्या दोन चकत्या अजून माझ्याकडे आहेत. एकीवर बायको उदबत्तीचं घर ठेवते.

भोकांभोवती टाकीच्या आत काचेचा एक उभा कप्पा चिकटवला, सहा इंच बाय सहा इंच, वरच्या कडेला कंगव्यासारखे दात. पाणी दातांवरून कप्प्यात सांडणार, मासे बाहेर राहणार. सिलिकॉन लावलं की घरभर व्हिनेगरचा वास सुटतो. तो दोन दिवस राहिला आणि आमच्या घरात लोणचं घातलंय अशी शेजारी समजूत पसरली.

त्या कंगव्याची लांबी किती ठेवायची हे मला साळावली धरणाने शिकवलं. पावसाळ्यात धरण भरलं की अर्धा गोवा तिथे जातो, आम्हीही जातो. पाणी ४१.१५ मीटरला पोचलं की सांडतं, ना दार उघडावं लागतं ना कोणी बटण दाबावं लागतं. सांडव्याची कड सरळ नाही, बदकाच्या चोचीसारखी वळवलेली आहे, म्हणून त्याला डकबिल म्हणतात. पाणी तिन्ही बाजूंनी त्या वळणाच्या आत कोसळतं आणि मुलं भिजत ओरडतात. एकदा तिथे वर्दीतल्या एका माणसाने एका मुलाला समजावून सांगितलं, कड वळवली की ती लांब होते, आणि कड लांब असली की तेवढंच पाणी पातळ थराने सांडतं. पाण्याची पातळी फार न चढता पूर निघून जातो. टाकीचंही तेच. कंगवा आखूड असला तर पाणी वर चढून जाड धारेने पडतं. लांब असला तर पातळ पापुद्रा सांडतो, आणि पृष्ठभागावर साठलेला तेलकट तवंग त्याच्याबरोबर निघून जातो. म्हणून मी कंगवा कप्प्याच्या दोन्ही मोकळ्या बाजूंना घेतला. (त्याच धरणाच्या पाण्याखाली कुर्डी आहे, गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देऊळ वर येतं आणि गावकरी परत जमतात. माझ्या बायकोच्या आजोळची काही मंडळी त्यातली. त्यांच्याबरोबर साळावलीला गेलं की सांडव्याचं कौतुक जरा हळू आवाजात करायचं असतं.)

पंपाच्या खोक्यावर दोन आकडे असतात. ताशी ३००० लिटर, आणि कमाल उंची अडीच मीटर. हिशेबनीस असूनही मी आधी हे दोन्ही आकडे एकाच वेळी खरे मानले. ते तसे नसतात. ३००० लिटर म्हणजे पंप बादलीत ठेवून पाइप न लावता. अडीच मीटर म्हणजे पाणी तिथवर चढेल आणि तिथेच उभं राहील, थेंब बाहेर पडणार नाही. आपण या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. त्यात प्रत्येक एल्बो, पाइपाचा प्रत्येक फूट आणखी खातो. माझं पाणी सव्वा मीटर चढतं. वरच्या तोंडाखाली वीस लिटरची बादली धरली, मोबाईलवर घड्याळ लावलं, ४५ सेकंद लागले. म्हणजे ताशी १६०० लिटर. अडीचशे लिटरच्या टाकीचं पाणी तासाला सहा वेळा फिरतं, पुरेसं आहे. खोक्यावरच्या आकड्याचं मात्र मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

सगळं जोडलं, पंप लावला, पाणी फिरलं. घरातल्यांना बोलावून दाखवलं. पंपातून वर येणाऱ्या, म्हणजे परतीच्या पाइपाचं तोंड मी पाण्याखाली चार इंच बुडवलं होतं, म्हणजे वर खळखळ नको आणि तळातलं पाणीही हलेल. खालचा संप तीस इंच लांब, बारा रुंद, पंधरा उंच, त्यात दहा इंच पाणी. जास्त पाणी म्हणजे जास्त स्थिर पाणी, असं माझं तत्त्वज्ञान. त्या रात्री मी फार समाधानाने झोपलो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, रात्री दोनच्या सुमारास, वीज गेली. गोव्यातल्या पावसाळ्यात यात नवीन काही नाही. कुठेतरी फांदी पडते, सकाळी येते. पंखा थांबला म्हणून मला जाग आली, खिडकी उघडली, परत झोपलो. साडेसहाला दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात पितळेचं पातेलं, पातेल्यात दोन बोटं पाणी.

"हे तुझं आहे," त्या म्हणाल्या.

चवथीसाठी त्यांनी नुकताच हॉल रंगवून घेतला होता. स्लॅबमधून पाणी झिरपलं ते नेमकं माटोळीच्या कड्यांजवळ. चार कड्या, ज्यांना गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून नारळ, सुपारीची शिपटी, तवशें, रानातली कांगलां आणि घागऱ्या बांधायच्या, त्यांच्या बरोबर मधोमध चहाच्या रंगाचा, ताटाएवढा डाग. मी वर बघत उभा राहिलो. काय बोलायचं? मी म्हणालो, काकू, मी रंग लावून देतो. त्या म्हणाल्या, आधी पाणी बंद कर.

त्या सकाळी ऑफिसला जाण्याआधी बिलाच्या मागच्या बाजूला मी हिशेब मांडला. वरच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे चौदा लिटर. वीज जाते, पंप थांबतो. आता परतीचा पाइप परतीचा राहत नाही, सायफन होतो. वरच्या टाकीचं पाणी त्यातून उलटं, पंपातून, खाली येऊ लागतं, आणि पाइपाच्या तोंडाशी हवा मिळेपर्यंत थांबत नाही. तोंड चार इंच खाली, म्हणजे छप्पन्न लिटर. कंगव्यामागच्या कप्प्यातले चार-पाच धरून साठ. खालच्या संपात मोकळी जागा पाच इंच, म्हणजे एकोणतीस लिटर. साठातून एकोणतीस वजा. एकतीस लिटर माझ्या फरशीवर, आणि तिथून काकूंच्या पातेल्यात.

चौथीच्या मुलालाही येण्यासारखी वजाबाकी. मी पाण्याचा पूर्ण अभ्यास केला होता, पण ते वाहत असताना. ते थांबेल, हे मी धरलंच नव्हतं.

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, एनआरव्ही लाव. एकाच दिशेने उघडणारी झडप, बोअरवेलवाले लावतात. पाणी वर जाताना पाकळी उघडते, उलटं येऊ लागलं की पाण्याच्याच दाबाने मिटते. दोनशे रुपयांच्या आतली वस्तू. त्या संध्याकाळी ती बसवली, स्विच बंद करून पाहिलं, वरून एक थेंब खाली आला नाही. काकूंना वर बोलावून दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, "आणि हे अडकलं तर?" अडकत नाही, मी म्हणालो.

चवथीच्या आदल्या दिवशी बोरीहून मामा आला. दरवर्षी येतो, पिशवीत नारळ, तवशीं, आळूची पानं घेऊन. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. टाकीसमोर उभा राहून त्याने बराच वेळ माशांकडे पाहिलं आणि मग जे प्रत्येक गोवेकर म्हणतो तेच म्हणाला, "खावपाचें न्हय तें नुस्तें कित्याक पोसता रे?" खायचे नाहीत ते मासे कशाला पोसतोस? बाजारात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव काय झालाय, त्यावर दहा मिनिटं बोलला. मग मी कपाट उघडून त्याला खालचा कारभार दाखवला. त्याला काही कळणार नाही असं गृहीत धरून दाखवला, हेही लिहून ठेवतो.

मामाचं सगळं आयुष्य जुवारी नदीच्या काठच्या खाजनात गेलं. खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेली शेतजमीन. बांध घालून माणसांनी ती पाण्यातून काढली आणि शेकडो वर्षं तशीच राखली. बांधाच्या एका ठिकाणी मानस असते, लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचं खारं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात. ओहोटी लागली की शेतातलं पाणी आतून दारं ढकलतं आणि बाहेर जातं. कोणी उघडायला नको, कोणी लावायला नको. लहानपणी ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी लावलेल्या जाळ्यात नुस्तें कसं भरतं ते बघायला आम्ही पोरं रात्री कंदील घेऊन जायचो.

मामाने वाकून एनआरव्हीला बोट लावलं. एवढी काय ती, पांढरी, मुठीएवढी.

"ही मानस," तो म्हणाला.

होय, मी म्हणालो. आणि मला स्वतःचीच मजा वाटली, इतक्या दिवसांत मला हे सुचलं नव्हतं. पंप म्हणजे ओहोटी, वीज गेली की भरती.

मामाने कपाटात आणखी डोकावलं. संपाच्या काठापाशी बोट नेलं, पाण्यापासून काठापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. मग वर बघून विचारलं, "पोंय खंय आसा?"

हे मला समजायला थोडा वेळ लागला. मानशीच्या आतल्या बाजूला, शेताच्या सगळ्यात खोल भागात, एक तळं राखलेलं असतं. ती पोंय. भरती आहे, दारं मिटलेली आहेत, आणि त्याच वेळी वर पाऊस पडतोय. शेतातलं पाणी बाहेर जाऊ शकत नाही. मग ते सहा तास उभं कुठे राहणार? पोंयीत. पोंय बुजवली, तिथेही कोरगूट भात लावला, तर मानस कितीही चांगली असो, पीक पाण्यात. पुढचं तो कोकणीतच बोलला, मी मराठीत लिहितोय: मानशीच्या दारात एक फाटा अडकतो, कधी काठी, कधी नारळाची करवंटी. बांधाला खेकडे भोकं पाडतात. म्हणून रात्री जाऊन बघावं लागतं, आणि बघायला जाईपर्यंत पाणी कुठेतरी थांबायला हवं. तू मानस लावलीस, बघायला कोण जाणार? तू झोपलेला.

काकूंनी वेगळ्या शब्दांत हेच विचारलं होतं. मी त्यांना अडकत नाही म्हणून सांगितलं होतं.

चवथ झाली. काकूंनी यंदा माटोळी मोठी केली, डागाच्या बरोबर खाली एक भलं मोठं नीरफणस आलं, आणि कोणाला काही दिसलं नाही. दीड दिवसाचा गणपती गेला त्या संध्याकाळी मी युनियन, म्हणजे पाइपाचा सोडता येणारा जोड, सैल करून एनआरव्ही उघडली. तीन आठवडे झाले होते. पाकळीच्या बिजागरीपाशी वेलिसनेरिया या पाणवनस्पतीच्या पानाचा लांबट तुकडा आणि त्याला धरून हिरवट लोळ. पाकळी बोटाने ढकलली तर मिटायची, पण एक केसभर फट ठेवून. केसभर फटीतून रात्रभर किती पाणी येतं? माझ्या अंदाजाने काकूंना पातेलं लागलं नसतं, बादली लागली असती.

मग सगळं पुन्हा केलं, या वेळी थांबण्यापासून सुरुवात करून.

परतीच्या पाइपाचं तोंड चार इंचांवरून अर्ध्या इंचावर आणलं. शिवाय पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली पाइपाला चार मिलिमीटरचं भोक पाडलं. पातळी जराशी उतरली की त्या भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. चालू असताना तिथून पाण्याची बारीक पिचकारी उडते, ती आतल्या बाजूला वळवून ठेवायची, नाहीतर भिंत ओली होते. हे भोक शेवाळाने बुजतं, म्हणून ते एकट्यावर सोडायचं नाही. दर महिन्याला दातकोरणी घालतो. संपातल्या मधल्या आडव्या काचा ब्लेडने सोडवून दोन-दोन इंचांनी बुटक्या केल्या. पुन्हा सिलिकॉन, पुन्हा लोणच्याचा वास. आता चालू असताना संपात आठ इंच पाणी, वर सात इंच मोकळं, म्हणजे एकेचाळीस लिटरची जागा. वीज गेल्यावर खाली येणारं पाणी: वरचा एक इंच चौदा, कप्प्यातले पाच, पाइपांतलं एक. वीस. एनआरव्ही काढूनच टाकली. ती नसल्याने पंपाला एक अडथळा कमी झाला आणि बादली तीन सेकंद आधी भरू लागली.

उलटी बाजूही बघितली. समजा वीज आहे पण खाली येणाराच पाइप तुंबला, तर पंप संपातलं पाणी वर ओतत राहणार आणि वरची टाकी सांडणार. म्हणून पंपाचा कप्पा मुद्दाम लहान. पंप हवा ओढू लागेपर्यंत तो जेमतेम आठ लिटर वर नेऊ शकतो, आणि वर दीड इंच काठ शिल्लक आहे. हे गणित पुढे खरंच कामी आलं. एक गोगलगाय, टोकदार शंखाची, कंगवा चढून कप्प्यात उतरली आणि मुख्य पाइपाच्या तोंडात बुचासारखी बसली. पाणी दुसऱ्या, एरवी कोरड्या राहणाऱ्या पाइपातून जोरात खळखळत खाली आलं. त्या आवाजानेच कळलं. गोगलगायीला परत टाकीत सोडलं, तिने काही मनावर घेतलं नाही.

त्या दोन पाइपांमुळेच मला गेट व्हॉल्व्ह हवा होता. एकाच पाइपातून पाणी आणि हवा मिसळून खाली आली की संडासात साखळी ओढल्यासारखा आवाज होतो, चोवीस तास. म्हणून मुख्य पाइप पूर्ण पाण्याने भरलेला ठेवायचा, आत हवा नाही, म्हणजे आवाजही नाही. त्यासाठी त्याला खाली थोडं आवळायचं, इतकं की वरून जेवढं सांडतं तेवढंच जाईल. पाव फेऱ्यात मिटणाऱ्या बॉल व्हॉल्व्हने हे जमत नाही. केसभर हलवला की एकदम जास्त. गेट व्हॉल्व्ह फिरवत फिरवत बंद होतो, घड्याळाची चावी देतात तसा. पाव फेरा फिरवायचा, दहा मिनिटं थांबायचं, कप्प्यातली पातळी बघायची, परत पाव. एक अख्खा रविवार यात गेला. संध्याकाळी एका क्षणी आवाज नाहीसा झाला. बायको आतून म्हणाली, बंद पडलं का? नाही, म्हटलं, लागलं.

एवढ्यात घरातल्यांना एक गोष्ट लक्षात आली होती. वरच्या टाकीची पातळी कधीच हलत नाही. उन्हाळ्यात पंख्याखाली माझ्याकडे रोज दोनेक लिटर पाणी उडून जातं, पण वर ते दिसत नाही, कंगव्याची कड पातळी धरून ठेवते. कमी होतं ते फक्त पंपाच्या कप्प्यात. मुलगी तिथे रोज तांब्याने पाणी घालते, आणि ती एप्रिलमध्ये आठवडाभर आजोळी गेली तेव्हा पंपाने हवा ओढून टाकीभर पांढऱ्या बुडबुड्यांची रांगोळी काढली.

वायरबद्दलही एक. पंपाची वायर सरळ सॉकेटकडे नेऊ नका, आधी खाली लोंबू द्या आणि मग वर न्या. वायरवरून ओघळलेला थेंब खालच्या वळणावरून फरशीवर पडतो, सॉकेटमध्ये जात नाही. हे मला सांगितलं तेव्हा मी ऐकलं. ऐकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ती एक.

संपाच्या काचेवर आता काळ्या मार्करच्या दोन रेघा आहेत. खालच्या रेघेपाशी 'चालू' लिहिलंय, आठ इंचांवर. वरच्या रेघेपाशी 'बंद', साडेअकरावर. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी स्विच बंद करतो आणि कपाटासमोर पाट टाकून बसतो. पाणी तीन-चार मिनिटं चढतं, आधी भराभर, मग हळू. वरच्या टाकीत पाइपाच्या भोकातून हवा शिरल्याचा 'घुर्र' असा आवाज येतो, आणि चढणं थांबतं.

परवा मे महिन्यातला पहिला वळीव आला. रात्री जेवताना वीज गेली. मी हात न धुताच टॉर्च घेऊन कपाटापाशी गेलो. पाणी चढत होतं. दहा इंच. अकरा. वरून घुर्र. 'बंद'च्या रेघेखाली एक बोट राहून ते स्थिर झालं. पाण्यावर टॉर्चचा उजेड एकदा हलला आणि थांबला.

खिडकीखालून काकूंचा आवाज आला. स्लॅबमधून पंपाची बारीक घरघर त्यांना ऐकू जाते, आणि ती थांबली की त्या काही न बघता वर हाक मारतात.

"थांबलं काय रे?"

"थांबलं, काकू."

"कुठे?"

"रेघेच्या खाली."

"बरं. मेणबत्ती आहे ना तुझ्याकडे?"